इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मिळालं, पण क्रेडिट मिळणार का? समजून घ्या

परीक्षा संपली की कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक फिरायला लागतात. 'घरबसल्या इंटर्नशिप, सात दिवसांत सर्टिफिकेट, फी अगदी थोडी.' पदवीसाठी इंटर्नशिप लागते म्हणून अनेक जण पैसे भरून मोकळे होतात. पण सर्टिफिकेट कंपनी देते आणि क्रेडिट कॉलेज देतं. एक हातात आलं म्हणून दुसरं मिळेलच असं नाही.

क्रेडिट म्हणजे काय?

क्रेडिट म्हणजे श्रेयांक. यूजीसीच्या हिशोबानं इंटर्नशिपचे 30 तास म्हणजे 1 क्रेडिट. म्हणजे 2 क्रेडिटसाठी 60 तास आणि 4 क्रेडिटसाठी 120 तास. रोज आठ तास काम केलं तर 120 तासांना 15 दिवस लागतात. कॉलेज सांभाळून रोज तीन तास दिले तर 40 दिवस.

आता त्या सात दिवसांच्या जाहिरातीचा हिशोब करा. रोज आठ तास धरले तरी 56 तासच होतात. त्यात 2 क्रेडिटही बसत नाहीत.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमध्ये नव्या शैक्षणिक धोरणानुसार या विषयाचं नाव 'ओजेटी', म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, असं दिसतं. तो कोणत्या सेमिस्टरला आहे आणि किती तासांचा आहे, हे आपल्या शाखेच्या अभ्यासक्रमात आधी पाहावं.

क्रेडिट मिळतं कसं?

साधारण क्रम असा असतो:

- आधी कॉलेजची मान्यता आणि शिफारसपत्र घ्यायचं.
- कॉलेजकडून एक मार्गदर्शक प्राध्यापक आणि कामाच्या ठिकाणी एक मेंटॉर ठरतो.
- रोजच्या कामाची आणि तासांची नोंद लॉगबुकमध्ये करून त्यावर सही घ्यायची.
- शेवटी अहवाल द्यायचा आणि तोंडी परीक्षा द्यायची.

खरी पारख तोंडी परीक्षेत होते. बी.कॉम.च्या विद्यार्थ्यानं अकाउंट्सच्या ऑफिसात महिनाभर फक्त झेरॉक्स काढल्या असतील, तर जीएसटी रिटर्न कसं भरतात या प्रश्नावर तो गप्प बसणार. म्हणून काम अभ्यासाशी जोडलेलं नसेल तर ते शेवटच्या दिवशी नाही, पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांना सांगावं.

पैसे मिळतात का?

प्रत्येक ठिकाणी स्टायपेंड मिळेलच असं नाही. जाण्या-येण्याचा खर्च परवडत नसेल तर घराजवळची जागा शोधणं शहाणपणाचं. सहकारी पतसंस्था, कृषी विज्ञान केंद्र, सीएचं ऑफिस, स्थानिक वर्तमानपत्र, वाचनालय, सामाजिक संस्था हे पर्याय तालुक्याच्या गावातही सापडतात. फक्त कॉलेजची मान्यता आधी हवी.

सरकारी योजना चालतील का?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. पंतप्रधान इंटर्नशिप योजना 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा ती पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही शिक्षण चालू असलेले उमेदवार बसत नाहीत. या योजना अनुभवासाठी आहेत, सेमिस्टरच्या क्रेडिटसाठी नाहीत.

रुजू होण्याआधी काय तपासायचं?

- ही संस्था कॉलेजला चालेल का? ऑनलाइन काम असेल तर तेही चालेल का? उत्तर लेखी घ्या.
- काम, तास आणि तारखा पत्रात लिहिल्या आहेत का?
- मेंटॉर कोण?
- संस्था तुमच्याकडूनच पैसे मागते का? मागत असेल तर आधी प्राध्यापकांना विचारा.

निकालानंतरही एक काम उरतं. मिळालेले क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात. डिजिलॉकरमधून ते बघता येतात. तिथे इंटर्नशिपचे क्रेडिट दिसत नसतील तर लगेच परीक्षा विभाग गाठा. लॉगबुक आणि पत्राची एक प्रत तोपर्यंत जपून ठेवा, कारण काम केल्याचा पुरावा तोच असतो.