आई, आम्ही जाऊ?

मागच्या महिन्यातली गोष्ट. मी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात सातवीतली लेक ओट्यापाशी येऊन उभी राहिली. हातात वाचनालयातून आणलेलं, कोपरे दुमडलेलं पुस्तक. ‘आई, रविवारी आम्ही पाचजणी सायकलवरून टेकडीच्या देवळात जाऊ? डबा नेऊ. पण मोठं कुणी नको हं सोबत!’

माझं लाटणं थांबलं. टेकडी गावापासून चांगली चार किलोमीटर. हे खूळ कुठून आलं, ते हातातल्या पुस्तकावरून लगेच कळलं. एनिड ब्लायटनचं ‘फेमस फाइव्ह’! ‘बघू’ म्हणून वेळ मारून नेली. रात्री सगळं आवरल्यावर मात्र तिचं पुस्तक घेऊन बसले. म्हटलं, बघू तरी, ही बाई आमच्या पोरींना काय शिकवतेय!

ज्युलियन, डिक आणि अ‍ॅन ही तीन भावंडं, त्यांची चुलतबहीण जॉर्ज आणि टिमी नावाचा कुत्रा, असे हे पाचजण. पहिलं पुस्तक आलं १९४२ साली आणि एकविसावं, शेवटचं, १९६३ साली. सुट्टी लागते, मुलं एकत्र येतात, भुयार नाहीतर पडका किल्ला सापडतो, चोर पकडले जातात. गोष्ट थोड्याफार फरकाने तीच. तरी ऐंशी वर्षं उलटून गेली तरी मुलं ती वाचतातच. का बरं?

एक कारण आपल्याला, स्वयंपाकघरात वावरणाऱ्यांना, पटकन कळेल. ते म्हणजे खाणं! या पुस्तकांत मुलं सारखी खात असतात. सँडविच, केक, उकडलेली अंडी, आल्याचं फसफसतं पेय. पण पहिलं पुस्तक आलं तेव्हा महायुद्ध चालू होतं. इंग्लंडमध्ये साखर, लोणी, मांस रेशनवर मिळायचं, आणि त्याच वर्षी गोळ्या-चॉकलेटंही रेशनवर गेली. हे रेशनिंग पूर्ण संपायला १९५४ साल उजाडलं. म्हणजे मोजून मापून जेवणारी मुलं वाचत होती भरगच्च टोपल्यांबद्दल! पोट नाही तर नाही, मन तरी भरत असेल.

दुसरं कारण म्हणजे जॉर्ज. खरं नाव जॉर्जिना, पण त्या नावाने हाक मारली तर ओ देणार नाही. केस बारीक कापलेले, होडी वल्हवण्यात पटाईत, रागीट आणि तितकीच प्रामाणिक. ही जॉर्ज म्हणजे आपणच, असं ब्लायटनने पुढे कबूल केल्याचं सांगतात. मात्र त्याच पुस्तकात बिचारी अ‍ॅन बशा धुते, अंथरुणं घालते, आणि ते सगळ्यांना अगदी स्वाभाविक वाटतं. लेकीला विचारलं, ‘तू यातली कोण?’ ती फटकन म्हणाली, ‘जॉर्ज. पण डबा भरायला अ‍ॅन लागतेच ना!’ मला हसू आलं आणि थोडं लागलंही.

या पुस्तकांवर टीकाही भरपूर झाली. भाषा साधी, गोष्टी एकसाची, परक्या लोकांकडे संशयाने पाहण्याची खोड, हे आक्षेप खोटे नाहीत. २०१० साली प्रकाशकांनी जुनी भाषा बदलून नव्या आवृत्त्या काढल्या; वाचकांना त्या रुचल्या नाहीत, म्हणून २०१६मध्ये पुन्हा जुन्या भाषेकडे वळले. आईने मुलीशेजारी बसून वाचावं आणि खटकेल तिथे बोलावं, हा उपाय मला तरी त्याहून बरा वाटतो.

वाचता वाचता आणखी एक जुनं पुस्तक हाती लागलं. आर्थर रॅन्समचं ‘स्वॉलोज अँड अ‍ॅमेझॉन्स’, १९३० सालचं. इंग्लंडच्या उत्तरेला सरोवरांचा प्रदेश आहे, तिथली ही गोष्ट. वॉकर कुटुंबातल्या चार भावंडांना शिडाची होडी घेऊन सरोवरातल्या बेटावर तंबू ठोकून राहायचंय. धाकटा रॉजर जेमतेम सात वर्षांचा! वडील नौदलात, दूर परदेशी. त्यांना पत्र जातं आणि उलट तारेने परवानगी येते. त्याच सरोवरावर दुसऱ्या होडीची कप्तान असते नॅन्सी नावाची मुलगी. तिचं खरं नाव रूथ. पण समुद्री चाचे निर्दय असतात, आणि इंग्रजीत निर्दय म्हणजे ‘रूथलेस’, मग चाच्याचं नाव रूथ कसं चालेल? म्हणून बाईसाहेबांनी नावच बदललं!

मला मात्र या पुस्तकात आवडली ती आई. ती मुलांना जाऊ देते, पण वाऱ्यावर सोडत नाही. रोज सकाळी जवळच्या शेतावर जाऊन दूध आणायचं, ही व्यवस्था ठरलेली. मुलांना वाटतं, आपण दर्यावर्दी, साहसाला निघालो. पण रोज एक मोठं माणूस त्यांना डोळ्यांनी पाहतं. अधूनमधून ती स्वतःही होडीने बेटावर चक्कर मारते, आणि मुलांच्या खेळात ती बेटाकडची ‘स्थानिक रहिवासी’ बनते. काळजी आहे, पण काळजीचा काच नाही.

ही मुलं कल्पनेतली असली तरी त्यांच्यामागे खरी मुलं होती. सीरियातल्या अलेप्पो शहरात दवाखाना चालवणारे डॉक्टर अल्टुन्यान १९२८ साली कुटुंबासह कॉनिस्टन सरोवरावर सुट्टीला आले. त्यांची मुलं तिथे होडी हाकायला शिकली. त्यांच्यावरूनच रॅन्समला पुस्तक सुचलं. त्यातला खरा रॉजर मोठेपणी डॉक्टर झाला. त्याला स्वतःला दमा होता. दम्यावरचं औषध शोधताना त्याने स्वतःवरच प्रयोग केले. मुद्दाम दम लावून घ्यायचा आणि औषधाचा उतार पडतो का ते बघायचं! त्यातून १९६०च्या दशकात सोडियम क्रोमोग्लायकेट हे औषध वापरात आलं. लहानपणी होडीत बसवल्यामुळे हे घडलं, असं मी म्हणणार नाही. पण हे वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ गप्प बसले.

आणखी एक गोष्ट मनात राहिली. रॅन्समचे वडील गेले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. ब्लायटनही तेराव्या वर्षाच्या आसपासच होती, तेव्हा तिचे वडील घर सोडून गेले. दोघांच्याही पुस्तकांत सुट्टी कधी मोडत नाही आणि संध्याकाळी परतायला घर असतं. जे हातून निसटलं तेच दोघं लिहीत राहिले की काय, असं वाटून गेलं. आणि गंमत बघा, ब्लायटनच्या धाकट्या मुलीने, इमोजेनने, १९८९ साली आठवणी लिहिल्या, त्यात आईच्या मायेला आपण पारखे झालो, असा सूर आहे. थोरल्या गिलियनच्या आठवणीतली आई मात्र प्रेमळ. जगभरच्या मुलांना हसवणाऱ्या बाईलाही घरचा पेपर सोपा गेला नाही. मग आपलं काय!

सकाळी लेकीला म्हटलं, ‘जा. पण तीन अटी. पाचही जणींच्या घरी विचारून. अंधाराआधी घरी. आणि वाटेत वत्सलाकाकूंच्या शेतावर थांबून ताक प्यायचं, जाताना आणि येताना.’

‘ताक कशाला गं?’

‘उन्हाचं बरं असतं,’ मी म्हटलं. खरं कारण सांगितलं नाही. वत्सलाकाकूंना मात्र आदल्या दिवशीच फोन करून ठेवला होता.

रविवारी डबा भरायला अ‍ॅन मीच झाले. पाच सायकली वळणावरून दिसेनाशा झाल्या, तशी पोटात कालवाकालव झाली. दिवसभर घड्याळाकडे बघणं चाललं होतं. साडेअकराला काकूंचा फोन, ‘पोचल्या गं. तुझी लेक दोन पेले प्यायली.’ चारला पुन्हा फोन, ‘परत निघाल्या.’ पाचच्या आत घंट्या ऐकू आल्या. गुडघा खरचटलेला, वेणी सुटलेली, डोळे नुसते चमकत होते. चोर काही सापडला नव्हता. पण सायकलची चेन उतरली होती आणि ती पोरींनी आपली आपण बसवली होती. हे तिने मला तीनदा सांगितलं.