अबोल्यामागचे ठोके

“बाबांना सांग, पानं घेतली आहेत.” आमच्या घरात अबोला सुरू झाला की आईचे असे निरोप मी पोहोचवायचो. बाबा पेपर समोर धरून तासन् तास गप्प. त्या वयात माझी खात्री होती की आई आतून जळते आहे आणि बाबांना काहीच वाटत नाही. या समजुतीतला दुसरा अर्धा भाग चुकीचा असावा, हे जॉन गॉटमन यांचं काम वाचताना प्रथम जाणवलं.

गॉटमन हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत नवरा-बायकोला समोरासमोर बसवून नेहमीच्या वादाच्या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला सांगत. कॅमेरा चालू असे आणि हृदयाचे ठोके, तळहाताचा घाम यंत्रं टिपत असत. वाद तापला की काही जण मान फिरवत, हुंकारही देईनासे होत. वरून दगड. यंत्रावर मात्र त्यांचे ठोके चढलेले दिसत. ठोके मिनिटाला १००च्या पुढे गेले की समोरचा काय म्हणतो ते धड डोक्यात शिरत नाही, असं गॉटमन सांगतात. संकटात पळून जाण्यासाठी शरीर जी तयारी करतं, तीच घरी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या-उभ्या चाललेली असते.

त्यांचा एक साधा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. वाद रंगात आला असताना संशोधकांनी सांगितलं, यंत्रात जरा दुरुस्ती करायची आहे. तोवर अर्धा तास या विषयावर न बोलता मासिकं वाचा. नंतर तोच वाद पुन्हा सुरू झाला तेव्हा ठोके बरेच उतरले होते आणि बोलणंही मार्गी लागलं. म्हणजे गप्प होणं हाच मुळी दोष नव्हे. पण आमच्या घरच्या अबोल्यात दोन गोष्टी नव्हत्या: पुन्हा त्याच विषयावर बोलायला बसायचं आहे ही कबुली, आणि मधल्या वेळात मनाला दुसरं काम. मनातल्या मनात भांडण चालूच ठेवलं तर शरीर शांत होत नाही, हे गॉटमनही बजावतात.

गप्प बसणाऱ्यांत पुरुष जास्त, हेही त्यांच्या नोंदींत आहे. “पुरुष असतातच घुमे” म्हणणाऱ्यांना तेवढं पुरतं. पण १९९० साली अँड्र्यू ख्रिस्तेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी या मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना दोन वेगळे विषय दिले: एकात बदल बायकोला हवा होता, दुसऱ्यात नवऱ्याला. बायकोच्या विषयावर ती लावून धरी आणि तो मागे सरे. नवऱ्याच्या विषयावर हा फरक उरलाच नाही. ज्याला आहे तेच सोयीचं असतं, त्याला बोलण्याची घाई कशाला असेल?

स्वभावाचा असाच शिक्का कामाच्या ठिकाणीही बसतो. केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांनी १९७४ साली वाद हाताळण्याच्या पाच तऱ्हा मांडल्या: आपलंच रेटणं, नमतं घेणं, टाळणं, अर्ध्यावर तडजोड करणं आणि दोघांचंही साधेल असं शोधणं. कार्यालयांतल्या प्रशिक्षणात त्यांची या तऱ्हांवरची प्रश्नावली आजही भरून घेतात, आणि लोक “मी टाळणारा” असा शिक्का घेऊन घरी येतात. खुद्द थॉमस आणि किलमन यांचं म्हणणं, प्रत्येक माणूस पाचही तऱ्हा वापरतो.

तऱ्हा बदलते, याचा मला सर्वांत पटलेला पुरावा माकडांचा आहे. उत्तर भारतात गावोगाव दिसणारी लाल तोंडाची रीसस माकडं तापट. भांडणानंतर क्वचितच जवळ येतात. आसामच्या जंगलांतही आढळणारी आखूड शेपटीची माकडं भांडली तरी लगेच समेट करतात. फ्रान्स द वाल आणि डेनिस जोहानोविझ यांनी रीससची पिल्लं या दुसऱ्या जातीच्या थोड्या मोठ्या पिल्लांबरोबर पाच महिने ठेवली. रीसस पिल्लांमधले समेट कितीतरी वाढले. १९९३ साली हे काम प्रसिद्ध झालं. सोबती काढून घेतल्यावरही रीसस पिल्लांची सवय टिकली. विशेष म्हणजे, सोबत्यांच्या खास खाणाखुणा त्यांनी उचलल्या नाहीत. भांडणानंतर ती एकमेकांजवळ जात ती आपल्याच जातीच्या रीतीने.