पिकलबॉलची लीग : आधी हिशोब, मग खेळ

व्यापारी बंधूंनो, १९६५ साली अमेरिकेत सुरू झालेला पिकलबॉल आता आपल्या शहरांतही पसरतो आहे. त्याचे कोर्ट २० बाय ४४ फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच. जाळे मात्र मध्यभागी ३४ इंचांवर आणावे लागते.

सहा जोड्या घ्या. प्रत्येक जोडी दुसऱ्या प्रत्येकीशी एकदा खेळली की १५ सामने होतात. दर रविवारी तीन, म्हणजे पाच रविवारांत लीग पुरी.

आम्ही पहिल्या वेळी वर्गणी उधार ठेवली. शेवटी चेंडूंच्या पैशांवरून दोन जुन्या दोस्तांचे बोलणे बंद झाले. म्हणून भाडे, चेंडू व बक्षिसे यांचा खर्च जोडून वर्गणी आधी रोख घ्यावी. हिशोब सर्वांसमोर वाचावा आणि शिल्लक पुढच्या लीगच्या नावे जमा दाखवावी.