मातीला थोपविणारी भिंत

पावसाळ्यात घाटातून प्रवास करताना रस्त्याच्या एका बाजूस उंच डोंगर आणि दुसऱ्या बाजूस खोल दरी दिसते. डोंगर फोडून रस्ता काढला, म्हणजे त्याच्या पोटातील माती उघडी पडते. कोरडी असते तोवर ती कशीबशी उभी राहते. परंतु पावसाचे पाणी तिच्यात मुरले, की ती जड होते, सैल होते आणि खाली घसरू पाहते. तिला थोपविण्यासाठी रस्त्याच्या कडेने भिंत बांधतात. माती धरून ठेवणारी ही भिंत म्हणजे धारक भिंत होय. बोलण्यात तिला संरक्षक भिंतही म्हणतात. डोंगरउतारावरील वस्त्यांच्या मागे, पुलांच्या दोन्ही टोकांना, मोठ्या इमारतींच्या तळघरांभोवती अशा भिंती असतात.

घराच्या भिंतीचे काम आणि धारक भिंतीचे काम यांत मोठा फरक आहे. घराची भिंत छपराचा भार वाहते आणि तो भार वरून सरळ खाली येतो. धारक भिंतीवर मात्र माती बाजूने रेलत असते. भिंत झोपत नाही, तशी मातीही झोपत नाही. तिचा हा रेटा रात्रंदिवस चालूच असतो.

हा रेटा केवढा असतो? कोरड्या वाळूचा ढीग करून पाहा. कितीही उंच ढीग केला, तरी वाळू घरंगळत जाऊन पसरते आणि ठराविक उताराला येऊन थांबते. तिला सरळ उभी ठेवायची, तर फळी लावावी लागते. ही फळी म्हणजेच धारक भिंत. माती जितकी खोल, तितका तिचा रेटा अधिक. म्हणून भिंतीच्या माथ्याशी तो जवळजवळ नसतो आणि पायथ्याशी सर्वांत जास्त असतो. साध्या कोरड्या मातीमागे २ मीटर उंचीची भिंत उभी केली, तर तिच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे १,२०० किलोग्रॅमचा रेटा येतो. भिंत ४ मीटर केली, तर तो दुप्पट होत नाही, चौपट होतो; म्हणजे सुमारे ४,८०० किलोग्रॅम! शिवाय हा रेटा आता अधिक उंचीवरून लागू होतो. त्यामुळे भिंतीला उलथून पाडण्याचा त्याचा जोर आठपट वाढतो. 'थोडी उंच भिंत, थोडे अधिक सामान' असा हिशेब येथे चालत नाही, तो याचमुळे.

पूर्वी हे काम दगडाच्या वजनावर होत असे. घाटांतील जुन्या दगडी भिंती पाहिल्या, तर त्या पायथ्याशी फार रुंद असल्याचे आढळते. माती ढकलते आणि भिंत आपल्या वजनाच्या बळावर जागची हलत नाही. ही रीत चांगली खरी. पण भिंत उंच करायची, तर दगडांची रास फारच मोठी होते. आज पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी काँक्रीटची बारीक अंगाची भिंत बांधतात. चार मीटर उंचीची अशी भिंत पायथ्याशी अवघी ४० सेंटिमीटर जाड असली तरी पुरते. एवढी सडपातळ भिंत एवढा रेटा कसा सोसते? याचे उत्तर तिच्या पोटात दडलेले आहे. ते समजण्यासाठी आधी काँक्रीटचा स्वभाव ओळखला पाहिजे.

सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांच्या मिश्रणापासून काँक्रीट बनते. ते घट्ट झाले, की दगडासारखे होते. वर्गातील खडूचा तुकडा घ्या. त्याची दोन टोके बोटांत धरून त्याला लांबीच्या दिशेने दाबा. तो सहसा तुटत नाही. आता तोच खडू वाकवून पाहा. कट्‌कन मोडतो! काँक्रीटही असेच आहे. त्याला दाबले, तर ते मोठा भार सोसते. पण ओढले, ताणले, तर चटकन तडकते. दाब सोसण्याची त्याची जी शक्ती, तिच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच त्याची ताण सोसण्याची शक्ती असते.

पण खडू आपण ओढला कोठे? तो तर फक्त वाकविला! येथेच खरी मौज आहे. एक लांबट खोडरबर घेऊन त्याच्या कडेवर पेन्सिलीने जवळजवळ आडव्या रेघा ओढा आणि तो वाकवा. बाहेरच्या, फुगीर बाजूला रेघा एकमेकींपासून दूर सरतात. आतल्या, खोलगट बाजूला त्या जवळ येतात. म्हणजे कोणतीही वस्तू वाकली, की तिची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. खडू मोडतो, तो ताणलेल्या बाजूकडूनच.

काँक्रीटच्या या उणिवेवर माणसाने पोलादाचा उपाय शोधून काढला. पोलाद ताण उत्तम सोसते. पॅरिस येथील जोसेफ मोनिए नावाचा एक माळी फुलझाडांसाठी सिमेंटच्या कुंड्या करीत असे. त्या फुटू नयेत म्हणून त्याने त्यांच्या अंगात लोखंडी तारांची जाळी घातली आणि १८६७ साली या युक्तीचे एकस्व मिळविले. कुंडीतही मातीच थोपवावयाची असते, हे लक्षात घेतले, म्हणजे या गोष्टीचे विशेष कौतुक वाटते. पोलाद आणि काँक्रीट यांची जोडीही मोठी मनमिळाऊ आहे. उन्हाने तापल्यावर दोन्ही जवळजवळ सारखीच प्रसरण पावतात; त्यामुळे ती एकमेकांपासून सुटत नाहीत. सळईच्या अंगावर उंचवटे ठेवलेले असतात. त्यांमुळे काँक्रीट तिला घट्ट पकडून धरते.

आता प्रश्न असा, की धारक भिंतीत या सळया कोणत्या बाजूस घालाव्यात? समोरच्या, म्हणजे रस्त्याकडून दिसणाऱ्या बाजूस, की मागच्या, मातीकडील बाजूस? माती भिंतीला पुढे ढकलते, तेव्हा पुढून आधार द्यावा, असे पुष्कळांना वाटेल. पण जरा विचार करा. एक ओली छडी जमिनीत घट्ट रोवा आणि तिला मागून पुढे ढकला. छडी पुढे वाकते. ताणली जाते ती मागची बाजू, जिकडून आपण ढकलतो ती! पुढची बाजू दाबली जाते. भिंतीचेही तसेच. तिची मातीकडील बाजू ताणली जाते. म्हणून मुख्य सळया मातीकडील बाजूसच उभ्या घातल्या पाहिजेत. दाब सोसण्याचे पुढच्या बाजूचे काम काँक्रीट स्वतः करते.

चार मीटरच्या भिंतीत या उभ्या सळया उदाहरणार्थ १६ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि १५ ते २० सेंटिमीटर अंतराने लावलेल्या असतात. वाकविण्याचा जोर पायथ्याशी सर्वांत अधिक आणि वर जावे तसा झपाट्याने कमी होत जातो. म्हणून सर्व सळया माथ्यापर्यंत नेण्याची गरज नसते. काही सळया योग्य उंचीवर थांबवितात आणि उरलेल्या माथ्यापर्यंत नेतात.

परंतु नुसती उभी भिंत जमिनीवर ठेवली, तर ती उलथून पडेल. तिला पाय हवेत. म्हणून भिंतीच्या बुडाशी काँक्रीटची एक रुंद, आडवी बैठक बांधतात. तिचा जो भाग पुढे, रस्त्याकडे येतो, त्याला चवडा म्हणू. जो भाग मागे, मातीखाली जातो, त्याला टाच म्हणू. टाचेवर मागची सारी माती बसलेली असते. भिंत पुढे कलू लागली, तर टाच वर उचलली गेली पाहिजे. पण एवढ्या मातीचे ओझे उचलणार कोण? ज्या मातीला थोपवावयाचे, तिच्याच वजनाने भिंतीला जागच्या जागी दाबून धरावयाचे, अशी ही युक्ती आहे.

या बैठकीतही सळयांची जागा ठरलेली आहे. टाचेवर वरून मातीचे ओझे येते, त्यामुळे टाच खाली वाकू पाहते आणि तिचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो. म्हणून टाचेतील मुख्य सळया वरच्या बाजूस. चवड्याला मात्र खालची जमीन वर रेटते, त्यामुळे त्याचा तळ ताणला जातो. म्हणून चवड्यातील सळया खालच्या बाजूस. एकाच बैठकीत मागे सळया वर आणि पुढे खाली! पाहणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण ताण जेथे, तेथे पोलाद, एवढे एकच सूत्र त्यामागे आहे. भिंतीच्या मातीकडील उभ्या सळया पुष्कळदा पायाशी काटकोनात वळवून चवड्याच्या तळाशी नेतात. त्यामुळे भिंत आणि बैठक एकजीव होतात.

मुख्य सळयांबरोबर काही बारीक सळयाही असतात. काँक्रीट वाळताना थोडे आकसते. पुढे उन्हाने प्रसरण पावते व थंडीने आकुंचन पावते. त्यामुळे लांब भिंतीला उभ्या भेगा पडण्याचा संभव असतो. त्या आवरण्यासाठी भिंतीच्या लांबीच्या दिशेने आडव्या सळया घालतात. पुढची बाजू उन्हापावसात उघडी असते, म्हणून तेथेही अशा बारीक सळयांची जाळी ठेवतात. जेथे दोन सळया एकमेकींना छेदतात, तेथे त्या बारीक तारेने बांधतात.

सळया काँक्रीटच्या अगदी कडेला येऊनही चालत नाही. ओलावा व हवा पोचली, की पोलाद गंजते. गंज मूळ पोलादापेक्षा अधिक जागा व्यापतो. तो फुगतो आणि वरचे काँक्रीट फोडून काढतो. म्हणून सळईवर चांगल्या काँक्रीटचा काही सेंटिमीटरचा थर राखतात. मातीकडील ओल्या बाजूस तो सुमारे ५ सेंटिमीटर असावा लागतो. हे अंतर राहावे, यासाठी सळया व साचा यांच्यामध्ये सिमेंटचे लहान ठोकळे बसवितात.

भिंतीचा आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे साचलेले पाणी. भिंतीमागे ४ मीटरपर्यंत पाणी तुंबले, तर कोरड्या मातीच्या मानाने एकूण रेटा दुपटीहून अधिक होतो. म्हणून भिंतीत ठराविक अंतरावर आरपार छिद्रे ठेवतात आणि त्यांच्या मागे खडीचा थर देतात. पाणी खडीतून झिरपते व छिद्रांतून बाहेर पडते. १ जुलै २०१९ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईतील मालाड येथे अतिवृष्टीत एक लांबलचक काँक्रीटची भिंत कोसळली. तिच्यामागे पावसाचे पाणी साठले होते. पायथ्याशी असलेल्या झोपड्यांतील पंचवीसहून अधिक माणसे झोपेतच त्या लोंढ्यात व ढिगाऱ्यात सापडून मृत्युमुखी पडली. भिंतीच्या आश्रयाने माणसे राहतात, हे बांधणाऱ्याला कधीही विसरता येत नाही, ते यासाठी.

कागदावर नकाशा अचूक असला, तरी भिंत उभी राहते ती कारागिरांच्या हातांनी. सळया वळविणाऱ्या व बांधणाऱ्या कारागिराला बांधकामावर फिटर म्हणतात. तो नकाशा पाहून सळया कापतो, वळवितो आणि एकेक गाठ तारेने आवळतो. टाचेतील वरच्या सळया वरच राहाव्यात म्हणून त्यांच्याखाली वाकविलेल्या लोखंडाच्या खुर्च्या ठेवतो. या खुर्च्या कमी पडल्या, किंवा काँक्रीट ओतणारे मजूर सळयांवरून चालत गेले, तर सळया खाली दबतात. चाळीस सेंटिमीटर जाडीच्या बैठकीत सळई १० सेंटिमीटर खाली गेली, की त्या भागाचे बळ चौथ्या हिश्श्याहून अधिक घटते. सळया तितक्याच, काँक्रीट तितकेच, खर्चही तितकाच; केवळ जागा चुकली!

म्हणूनच काँक्रीट ओतण्यापूर्वी अभियंता सेंट्रिंगमध्ये, म्हणजे फळ्यांच्या साच्यात, डोकावून सळयांची तपासणी करतो. त्यांची जाडी, अंतर, बाजू आणि ठोकळे यांची तो नकाशाशी ताडून खात्री करून घेतो. चूक आढळली, तर गाठी सोडवून सळया पुन्हा बांधावयास लावतो. ती वेळ निघून गेली, की मग पाहणे नाही. काँक्रीट ओतले, साचा काढला, मागे माती भरली, म्हणजे योग्य बांधलेली भिंत आणि चुकीची बांधलेली भिंत बाहेरून अगदी सारख्याच दिसतात. त्यांच्यातील फरक एखाद्या वर्षीच्या मुसळधार पावसातच कळतो.

पुढे कधी घाटातून जाताना ओल्या डोंगराला पाठ देऊन उभी असलेली काँक्रीटची भिंत दिसली, तर तिच्याकडे नीट पाहा. छिद्रांतून पाण्याच्या धारा गळत असतील. भिंतीचे काम नीट चालले असल्याची ती खूण होय. तिला उभे ठेवणारे पोलाद मात्र कोणालाही दिसणार नाही. ते मागच्या बाजूस, मातीच्या अंधारात आहे. ज्या फिटरने ते तेथे योग्य जागी बांधले, त्याचे नाव त्या भिंतीवर कोठेही कोरलेले नसते; पण तिच्या पायथ्याने जाणारा प्रत्येक प्रवासी त्याच्या प्रामाणिक कामाच्या भरवशावरच निर्धास्तपणे पुढे जात असतो.