आगीचे पॅनेल निवडताना : रात्रपाळीच्या माणसाला ते वाचता येईल का?

6 नोव्हेंबर 2021, भाऊबीजेचा दिवस. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्हा रुग्णालयातील कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली. विभागात 17 रुग्ण होते. त्यातले 11 दगावले. त्याच वर्षी 9 जानेवारीच्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात 10 बाळांचा जीव गेला होता.

नगरच्या घटनेनंतर काही दिवसांतच अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. त्या खटल्यावर आम्ही इथे मत देत नाही. पण एक गोष्ट सर्वांनी लक्षात घेतली पाहिजे. आग विझवण्याची यंत्रणा कोणती घ्यायची, कोणाकडून घ्यायची, तिची देखभाल कोण करणार हे परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार किंवा वॉचमन ठरवत नाही. आग लागते त्या क्षणी तिथे हजर मात्र तोच असतो. आपल्या समाजातील अनेक तरुण-तरुणी आज याच कामांवर, बहुतेक वेळा कंत्राटी पद्धतीने, उभे आहेत.

म्हणून हा लेख. खर्डा, जामखेड, पाथर्डी, कर्जत या भागांतही आता दुमजली-तिमजली व्यापारी इमारती, मंगल कार्यालये, खासगी दवाखाने, वसतिगृहे आणि अभ्यासिका उभ्या राहत आहेत. काही ठिकाणी आपलेच कार्यकर्ते ट्रस्टी आहेत, काही ठिकाणी भाडेकरू, काही ठिकाणी कामगार. या इमारतींत आगीची यंत्रणा बसवताना ठेकेदार ‘हे पॅनेल, सगळ्यात चांगले’ म्हणून पुढे करतो आणि समिती सही करते. सही करण्यापूर्वी काय विचारायचे, ते आम्ही येथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

पॅनेल नेमके काय करते?

भिंतीवरचा लाल किंवा राखाडी डबा म्हणजे कंट्रोल पॅनेल. छतावरचे धुराचे आणि उष्णतेचे डिटेक्टर, भिंतीवरची काच फोडून दाबायची लाल बटणे, हूटर आणि आग विझवणारी यंत्रणा या सर्वांच्या वायरी त्याच्यात येतात. डिटेक्टरकडून खबर घ्यायची, माणसांना सावध करायचे, एसी बंद करायचा आणि गरज असेल तिथे विझवणारा गॅस किंवा पाणी सोडायचा हुकूम द्यायचा, ही त्याची कामे.

एक गैरसमज आधीच दूर करू. सिनेमात दाखवतात तसे धूर दिसताच सगळ्या छतातून पाणी कोसळत नाही. साध्या स्प्रिंकलरमध्ये काचेची छोटी नळी असते. लाल द्रवाची नळी 68 अंश सेल्सिअसला फुटते आणि फक्त त्याच स्प्रिंकलरचे पाणी सुरू होते. त्याला पॅनेलच्या हुकमाची गरज नसते. तिथे पॅनेलने पाहायचे असते ते पाणी वाहू लागले का, व्हॉल्व्ह कोणी बंद करून ठेवला का, पंप चालू आहे का. याउलट गॅसवर चालणाऱ्या यंत्रणेत सिलिंडरचा व्हॉल्व्ह बहुधा पॅनेलच उघडते. म्हणून ‘फायर पॅनेल’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात : फक्त खबर देणारे आणि विझवण्याचा हुकूम देणारे. कोटेशनमध्ये यांपैकी कोणते लिहिले आहे, हे सर्वांत आधी पाहा.

झोनचे की पत्त्याचे?

समजा खर्ड्याच्या बाजारपेठेत एक इमारत आहे. खाली कापडाचे दुकान आणि हॉटेल, वर स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. एवढ्या इमारतीला साधे, झोनवर चालणारे पॅनेल पुरते. झोन एक दुकान, झोन दोन हॉटेलचे स्वयंपाकघर, झोन तीन जिना, झोन चार अभ्यासिका. दिवा लागला की कोणत्या भागात आग आहे ते कळते आणि दोन मिनिटांत तो भाग पाहून होतो.

पण 40 खोल्यांचे वसतिगृह किंवा दवाखाना असेल, तर ‘झोन दोन’ एवढ्याने भागत नाही. कोणती खोली, हे शोधण्यातच वेळ जातो. तिथे प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा पत्ता असणारे पॅनेल घ्यावे. पडद्यावर थेट खोलीचा क्रमांक येतो. त्याच्या वायरिंगचा वेढा पॅनेलपासून निघून पॅनेलपाशीच परत येतो, त्यामुळे एका ठिकाणी वायर तुटली तरी दोन्ही बाजूंनी संपर्क राहतो. वेढ्यात ठरावीक अंतरावर आयसोलेटर आहेत का, हेही विचारा. ते नसतील तर एका ठिकाणच्या शॉर्टसर्किटमुळे संपूर्ण वेढा बंद पडू शकतो.

स्वयंपाकघरात धुराचा डिटेक्टर लावू नका. फोडणीच्या धुराने तो रोज बोंबलेल आणि आठवड्याभरात कोणीतरी त्याची वायर काढून टाकेल. तिथे उष्णतेचा डिटेक्टर हवा. चुलीवरच्या हूडमध्ये तेलाच्या आगीसाठी वेगळी यंत्रणा असेल, तर ती चालू झाल्याची खबर मुख्य पॅनेलला मिळालीच पाहिजे आणि गॅसचा पुरवठा आपोआप बंद झाला पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हॉटेलात आग लागली तर वरच्या अभ्यासिकेत हूटर वाजला पाहिजे. 24 मे 2019 रोजी सुरतच्या तक्षशिला इमारतीत आग लागली, तेव्हा वरच्या मजल्यावर क्लास चालू होते. 22 जणांचा बळी गेला. खालच्या दुकानदाराची यंत्रणा वेगळी आणि वरच्या मुलांची वेगळी, किंवा वर यंत्रणाच नाही, ही रचना कधीही मान्य करू नका.

गॅस सोडणारे पॅनेल असेल तर

सर्व्हर रूम, मोठ्या बॅटऱ्यांची खोली, विजेच्या मुख्य पॅनेलची खोली, बँकेच्या नोंदींची खोली अशा ठिकाणी पाणी चालत नाही, तिथे गॅस वापरतात. इथे माणसाच्या जिवाचा प्रश्न दुहेरी आहे. कार्बन डायऑक्साइडने खोलीभर आग विझवायची, तर हवेत त्याचे प्रमाण किमान 34 टक्के करावे लागते. एवढ्या प्रमाणात माणूस जगत नाही. माणसांचा वावर असलेल्या खोलीला कोणी कार्बन डायऑक्साइड सुचवत असेल, तर स्पष्ट नकार द्या. एचएफसी-227 किंवा नायट्रोजन-आरगॉनसारखे गॅस ठरलेल्या प्रमाणात माणसाला तुलनेने सुरक्षित असतात, पण गॅस सुटण्यापूर्वी माणूस बाहेर पडलाच पाहिजे.

त्यामुळे पॅनेलमध्ये पुढील गोष्टी हव्यात. एका डिटेक्टरने खबर दिली तर फक्त सावधगिरीचा हूटर. दुसऱ्या गटातल्या डिटेक्टरनेही दुजोरा दिला तरच गॅस सोडण्याची उलटी मोजणी सुरू, साधारण 30 सेकंदांची. या वेळात एसी बंद, हवेच्या वाटा बंद. दाराजवळ गॅस थांबवण्याचे बटण आणि हाताने सोडण्याचे बटण, दोन्ही वेगळी आणि ओळखू येतील अशी. दारावर ‘गॅस सोडला आहे, आत जाऊ नका’ हा दिवा. आणि ‘आपोआप’ व ‘हाताने’ यांत बदल करणारी किल्ली, म्हणजे सफाई कामगार आत असताना पॅनेल ‘हाताने’वर ठेवता येईल. किल्ली कुठे आहे हे पॅनेलवर दिव्याने दिसले पाहिजे. नाहीतर दिवसा ‘हाताने’वर केलेले पॅनेल रात्रीही तसेच राहते आणि कोणाला पत्ता लागत नाही.

सिलिंडरच्या व्हॉल्व्हकडे जाणारी वायर तुटली, तर पॅनेल दोष दाखवते का? काही स्वस्त पॅनेल डिटेक्टरच्या वायरीवर लक्ष ठेवतात, पण व्हॉल्व्हच्या वायरीवर नाही. म्हणजे सगळे दिवे हिरवे, आणि ऐन वेळी गॅस सुटतच नाही. ठेकेदाराला तुमच्यासमोर ती वायर काढायला सांगा. सिलिंडर आधी सुरक्षितपणे वेगळा करून ही चाचणी पाच मिनिटांत होते.

बॅटरीचे गणित मागा

वीज जाणे आपल्या भागाला नवीन नाही. आग लागली की बहुधा वीज आधी जाते. पॅनेलमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट करतात. अशा जोडणीत अँपिअर-तास दुप्पट होत नाहीत, हे लक्षात ठेवा.

गणित सोपे आहे. शांत स्थितीत पॅनेल आणि डिटेक्टर मिळून 0.25 अँपिअर घेत असतील, तर 24 तासांना 6 अँपिअर-तास लागतात. हूटर वाजताना 2 अँपिअर लागत असतील, तर अर्ध्या तासाला 1. एकूण 7. बॅटरी जुनी होत जाते म्हणून 25 टक्के वाढवा : 8.75. मग 7 अँपिअर-तासांची बॅटरी अपुरी आहे आणि 12 ची घ्यावी लागेल. इमारत शनिवारी संध्याकाळी बंद होऊन सोमवारी उघडत असेल, तर 24 तासांचा हिशेबही कमी पडतो. तेव्हा 48 किंवा अधिक तास धरा आणि एवढी मोठी बॅटरी पॅनेलचा चार्जर भरू शकतो का, तेही विचारा. ठेकेदार हे गणित कागदावर देत नसेल, तर त्याने ते केलेले नाही असे समजा.

प्रमाणपत्र, पासवर्ड आणि दुरुस्ती

पॅनेलवर एखाद्या संस्थेचा शिक्का छापला म्हणजे ते प्रमाणित झाले असे नाही. युरोपीय मानक ईएन 54 चा भाग 2 पॅनेलसाठी आणि भाग 4 वीजपुरवठ्यासाठी आहे. गॅस सोडणाऱ्या पॅनेलसाठी ईएन 12094-1 आहे. अमेरिकन मानक यूएल 864. आपल्याकडे अलार्म यंत्रणेची निवड, उभारणी आणि देखभाल यांसाठी आयएस 2189 आणि गॅस यंत्रणेसाठी आयएस 15493 आहे. प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावरचा मॉडेल क्रमांक डब्यावरच्या क्रमांकाशी जुळवा.

दुसरी अडचण नंतर लक्षात येते. काही पॅनेल फक्त स्वतःच्याच कंपनीचे डिटेक्टर ओळखतात आणि प्रोग्रामिंगचा पासवर्ड ठेकेदाराकडेच राहतो. मग एक डिटेक्टर बदलायलाही त्याच्याच दारात उभे राहावे लागते, आणि खर्ड्यापर्यंत यायला तो चार दिवस लावतो. तोपर्यंत पॅनेल बंद. म्हणून करारातच लिहून घ्या : पासवर्ड, प्रोग्रामची प्रत, वायरिंगचा नकाशा आणि काही जादा डिटेक्टर ही संस्थेची मालमत्ता आहे, आणि तक्रारीनंतर किती तासांत माणूस येईल.

वाचता येणे आणि नोंद राहणे

आमच्या मते निवडीची खरी कसोटी इथे आहे. रात्री दोन वाजता पॅनेल वाजले, पडद्यावर इंग्रजीतली संक्षिप्त अक्षरे आली आणि वॉचमनला ती कळली नाहीत, तर त्याच्या हाताला सापडणारे एकच बटण म्हणजे आवाज बंद करण्याचे. दोष त्याचा नाही. मराठी मजकूर दाखवणारे पॅनेल मिळत असेल तर तेच घ्या. नसेल तर ठिकाणांची नावे तरी स्थानिक ठेवून घ्या, ‘जिना’, ‘खोली 12’, अशी. शेजारी मराठीत मोठ्या अक्षरांत फलक लावा : लाल दिवा म्हणजे आग, पिवळा म्हणजे बिघाड. आधी काय करायचे, कोणाला फोन करायचा. अग्निशमनाचा क्रमांक 101 आणि आपत्कालीन क्रमांक 112. खर्ड्यासारख्या गावात बंब बाहेरून यायचा असतो, म्हणून फोन पहिल्या मिनिटाला गेला पाहिजे.

आणि पॅनेलमध्ये घटनांची नोंद तारीख-वेळेसह साठली पाहिजे. बिघाड कधी आला, आवाज कधी बंद केला, झोन कधी बंद ठेवला, हे सर्व. यंत्रणा तीन महिने नादुरुस्त होती आणि व्यवस्थापनाने दुरुस्त केली नाही, हे त्या नोंदीतून सिद्ध होते. नोंद नसेल तर दुर्घटनेनंतर उरतो फक्त हजेरीपट, आणि त्यावर त्या रात्रीच्या कामगाराचेच नाव असते. पॅनेलचे घड्याळ बरोबर आहे का, हेही अधूनमधून पाहा. घड्याळ चुकीचे असेल तर नोंदीला किंमत राहत नाही.

कायदा काय सांगतो आणि आपण काय करायचे?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार यंत्रणा बसवण्याची आणि चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. काम परवानाधारक संस्थेकडूनच करून घ्यावे लागते. बसवल्यावर फॉर्म ‘ए’ आणि त्यानंतर दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत यंत्रणा चालू असल्याचे फॉर्म ‘बी’ प्रमाणपत्र द्यावे लागते.

कार्यकर्त्यांना आमची विनंती अशी. आपल्या तालुक्यातील सरकारी रुग्णालय, समाजकल्याणचे वसतिगृह आणि शासकीय निवासी शाळा यांची यादी करा. माहिती अधिकार कायदा, 2005 खाली 10 रुपयांचे शुल्क भरून शेवटच्या दोन फॉर्म ‘बी’च्या प्रती, देखभालीचा करार आणि पॅनेलमधील नोंदीची प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. खासगी आस्थापनेत काम करणाऱ्यांनी पॅनेलवर पिवळा दिवा दिसताच व्यवस्थापनाला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले नंतर कोणाला आठवत नाही.

आणि जिथे आपणच ट्रस्टी आहोत, त्या विहाराचे सभागृह, वसतिगृह किंवा अभ्यासिका यांत पॅनेल घेण्याच्या बैठकीला वॉचमन, सफाई कामगार आणि तिथे राहणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना बोलवा. ठेकेदाराला त्यांच्यासमोर पॅनेल चालवून दाखवायला सांगा आणि नंतर त्यांना चालवू द्या. त्यांना जमले तर सही करा.