लघुउद्योगासाठी भांडवलसंचय व अंदाजपत्रक : बिलोली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व कडेला, तेलंगणाच्या सीमेलगत व मांजरा नदीच्या काठाने पसरलेला बिलोली तालुका हा प्रामुख्याने कोरडवाहू शेतीवर जगणारा तालुका आहे. शेतीस जोड म्हणून एखादा लहानसा उद्योग असावा, ही इच्छा येथील बहुतेक कुटुंबांत ऐकावयास मिळते. पिठाची गिरणी, मिरची-मसाला कांडप, शिवणकाम, दुग्धव्यवसाय, किराणा दुकान ही नावे पुन्हा पुन्हा पुढे येतात. मात्र "भांडवल नाही" या एका वाक्यापाशी चर्चा थांबते. हे भांडवल नेमके किती लागते, ते कोणत्या महिन्यात लागते आणि त्यातील स्वतःचा वाटा कसा उभारावा, याचा हिशेब सहसा मांडलाच जात नाही. प्रस्तुत लेखात या हिशेबाचा विचार करावयाचा आहे.

पार्श्वभूमी

हा परिसर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थात्मक पतपुरवठा येथे उशिरा रुजला. अर्थात ही स्थिती केवळ मराठवाड्याची नव्हती. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास आढळला होता. उरलेला बहुतांश पैसा सावकार व व्यापारी यांच्याकडून येत असे. नाबार्डची स्थापना १९८२ मध्ये झाली आणि १९९२ मध्ये ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प तिने हाती घेतला. पुढे १९९९ ची स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना व २०११ पासूनचे राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजेच महाराष्ट्रातील 'उमेद', यांमुळे बचत गट गावोगाव पोहोचले. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि हिशेबलेखन ही पंचसूत्री आज तालुक्यातील अनेक भगिनींना तोंडपाठ आहे.

पंचसूत्री पाठ असूनही गटातील बचतीतून उद्योग उभा राहिल्याची उदाहरणे त्या मानाने थोडी दिसतात. याचे कारण साध्या गुणाकारात आहे. १० सदस्यांच्या गटात प्रत्येकीने दरमहा १०० रुपये भरले तर वर्षाला १२,००० रुपये जमतात. म्हणजे एका सदस्येची स्वतःची बचत तीन वर्षांत ३,६०० रुपये होते. बचतीच्या प्रमाणात, साधारणतः एकास एक ते एकास चार, बँकेचे कर्ज मिळू शकते, हे खरे. परंतु ते गटाला मिळते व सदस्यांत विभागले जाते. आजारपण, शाळेचा खर्च, बी-बियाणे यांसाठी ही रक्कम मोलाची आहे. गटाचे अंतर्गत व्याज पुष्कळदा शेकडा २ रुपये महिना, म्हणजे वर्षाला २४ टक्के असते. ते जास्त वाटले तरी गटातच राहते व सदस्यांत वाटले जाते, हा सावकारी व्याजापासूनचा महत्त्वाचा फरक होय. परंतु एवढ्यावर उद्योग उभा राहील अशी अपेक्षा गटाकडून करणे हा गटावरच अन्याय आहे.

भिशीचे स्वरूप वेगळे आहे. त्यात पहिली उचल घेणारा प्रत्यक्षात कर्जदार असतो व शेवटची घेणारा बचतदार. सीमेपलीकडे तेलंगणात हीच पद्धत 'चिट्टी' म्हणून परिचित आहे. लिलावाच्या भिशीत गरजू माणूस मोठी सूट देऊन रक्कम उचलतो. म्हणून व्यवसायासाठी भिशी घालावयाची असेल तर शेवटच्या हप्त्यांकडे डोळा ठेवावा. चालक परिचयाचा असणे ही पहिली अट, आणि नोंदणीकृत असणे ही त्याहून मोठी.

अंदाजपत्रकातील सुटलेली बाजू

येथे एक उदाहरण मांडतो. बिलोलीला लागून असलेले धर्माबाद लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे मिरची कांडून तिखट विकण्याचा व्यवसाय या भागात स्वाभाविकच सुचतो. पुढील आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्ष दर ज्याचे त्याने काढावेत.

कांडप यंत्र व जोडणी ४०,००० रुपये, २ क्विंटल मिरची दर क्विंटल १५,००० प्रमाणे ३०,००० रुपये, वजनकाटा, पिशव्या व नोंदणी ६,००० रुपये. बहुतेकांचा हिशेब येथेच, ७६,००० रुपयांवर थांबतो. परंतु पहिले तीन महिने जागाभाडे व वीजबिल दरमहा २,००० प्रमाणे ६,००० रुपये लागतील. उधारीत अडकणारा पैसा १०,००० रुपये धरावा. व्यवसायात जम बसेपर्यंत घरखर्चाला हातभार म्हणून दरमहा ४,००० प्रमाणे तीन महिन्यांचे १२,००० रुपये आणि यंत्राची मोटर जळाली, मिरची भिजली यांसाठी राखीव ६,००० रुपये. एकूण रक्कम १,१०,००० रुपये होते. कागदावर न आलेले हे ३४,००० रुपये एकूण गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ जातात. व्यवसाय बंद पडतात ते पुष्कळदा याच रकमेअभावी.

उधारीचा मुद्दा पुस्तकी नाही. प्रस्तुत लेखकाच्या वडिलांनी गावात किराणा दुकान काढले होते. दुकानात माल होता, गिऱ्हाईक होते, वागण्यात गोडवा होता. "काका, सुगीला देतो" असे म्हणून गेलेल्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांनी सुगीला पैसे दिलेही. पण ज्या वर्षी सुगीच झाली नाही त्या वर्षी कोणाकडे मागावयाचे? घाऊक व्यापाऱ्याचा तगादा मात्र सुगीची वाट पाहत नव्हता. दुसऱ्या वर्षाअखेर दुकानाला कुलूप लागले. त्या दुकानाची लाल वही अजूनही घरच्या ट्रंकेत आहे आणि तिच्यातील येणे बाकी देण्यापेक्षा अधिक आहे. म्हणजे कागदावर ते दुकान अखेरपर्यंत नफ्यात होते! नफा आणि हातातील रोकड या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वाणिज्य शाखेच्या वर्गात शिकविताना मला या वहीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

बचतीचे हंगामी नियोजन

वरील उदाहरणात मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटातून ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळाले असे मानले, तरी ६०,००० रुपये स्वतःचे लागतात. ही योजना एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाली व तिच्यात तारण मागितले जात नाही. तारण नाही याचा अर्थ परतफेड नाही असा काहींनी करून घेतला, त्याची किंमत पुढील अर्जदारांना मोजावी लागते, हेही नमूद केले पाहिजे.

६०,००० रुपये तीन वर्षांत उभारावयाचे तर दरमहा सुमारे १,७०० रुपये, म्हणजे गटातील २०० रुपये वगळता १,५०० रुपये, असे उत्तर सहज येते. पगारदारास ते ठीक आहे. कोरडवाहू कुटुंबाचे उत्पन्न मात्र महिन्यांच्या चौकटीत बसत नाही. जूनमध्ये पेरणी व शाळा एकाच वेळी दारात उभ्या राहतात. ऑक्टोबरात सोयाबीन येते, नंतर कापसाची वेचणी सुरू होते. हैदराबाद, निजामाबादकडे मजुरीस जाणाऱ्या कुटुंबांच्या हाती उन्हाळ्यात थोडी रोकड येते, पण लग्नसराईही तेव्हाच असते. अशा घरात १,५०० रुपयांचा समान हप्ता पहिल्याच पेरणीला तुटतो; आणि एकदा हप्ता तुटला की "आपल्याच्याने होत नाही" असे माणूस ठरवून टाकतो. तेथे दोष शिस्तीचा नसतो, आखणीचा असतो.

म्हणून हप्ता हंगामाप्रमाणे बांधावा. ऑक्टोबर ते जानेवारी दरमहा ३,००० रुपये, फेब्रुवारी ते मे दरमहा १,००० रुपये, जून ते सप्टेंबर केवळ ५०० रुपये. वर्षाची बेरीज १८,००० रुपयेच होते. तीन वर्षांत ५४,००० रुपये आणि गटातील दरमहा २०० रुपयांची बचत ७,२०० रुपये, असे मिळून व्याज न धरताही ६१,२०० रुपये जमतात. यातील बारमाही ५०० रुपये आवर्ती ठेवीत टाकावेत. पोस्टाची आवर्ती ठेव ५ वर्षांची असते, ती मधेच मोडल्यास व्याज घटते. बँकेत मुदत आपल्याला ठरविता येते, तेव्हा तीन वर्षांची योजना असेल तर बँक सोयीची. हंगामाची वाढीव रक्कम मात्र हाती येताच मुदत ठेवीत घालावी. घरात ठेवलेला पैसा पाहुण्यांच्या कानावर जातो, हा अनुभव वेगळा सांगावयास नको.

याखेरीज आजारपणासाठी दुसरी, वेगळी बचत असावी. एका बचत गटाच्या बैठकीत एक भगिनी म्हणाल्या, "मशीनचे पैसे दवाखान्यात गेले, पण माणूस वाचला, सर." त्यांनी योग्यच केले. यंत्राचे पैसे मोडावे लागू नयेत एवढ्यासाठी तरी दवाखान्याचा डबा निराळा ठेवावा, मग तो कितीही लहान असो. दुष्काळाचे वर्षही गृहीत धरलेच पाहिजे. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी बचत थांबविण्याची मुभा योजनेतच असावी आणि तीन वर्षांची चार झाली तरी योजना मोडली असे समजू नये.

कालगणना

शेवटी प्रश्न महिन्याचा उरतो. वाळलेल्या लाल मिरचीची आवक साधारणतः जानेवारी ते एप्रिल या काळात असते व वर्षभराचे तिखट, मसाले घरोघरी उन्हाळ्यात, पावसापूर्वी केले जातात. म्हणजे पैसा फेब्रुवारीच्या आत हाती हवा. त्याआधी यंत्र बसवून चाचणी, वीजजोडणी, अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी व बँकेचा कर्जप्रस्ताव यांसाठी तीन-चार महिने धरले तर अर्ज ऑक्टोबरात दाखल झाला पाहिजे. शेवटची मुदत ठेव जून-जुलैत मोकळी होईल अशी ठेवल्यास ती रक्कम पेरणीत जाण्याचा धोका असतो. ती जानेवारीच्या मध्यावर मोकळी होईल अशा बेताने तारीख टाकून घ्यावी.