आठवड्याचे एक गाणे

आपल्याला आवडलेले गाणे दुसऱ्याच्या कानी घालावे, ही इच्छा संगीतावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाच्या ठायी असते. परंतु त्या इच्छेला नियमाचे बंधन घालून, ठरलेल्या वारी, एकच गाणे आणि ते का ऐकावे याची चार वाक्ये स्नेह्यांपुढे ठेवण्याचा जो शिरस्ता काही मित्रमंडळींनी आणि कुटुंबांनी आपणहून पाडून घेतला आहे, तो वरवर करमणुकीचा भासला तरी रसिकतेच्या शिक्षणाचा एक उत्तम मार्ग आहे, असे मला मनापासून वाटते. गाण्यांचा आज तुटवडा नाही. हातातल्या फोनवर एक गाणे संपताच दुसरे आपोआप सुरू होते. पण ते निवडणाऱ्या यंत्राजवळ आपल्या पूर्वीच्या ऐकण्याचा हिशेब असतो, गाण्याविषयीचे प्रेम नसते. माणूस जेव्हा गाण्याची शिफारस करतो, तेव्हा तो त्या गाण्याला आपल्या रुचीनिशी जामीन राहतो, आणि या जामीनकीतच त्या शिफारशीचे सारे मोल साठवलेले असते.

या प्रथेचे एक फार सुंदर रूप इंग्लंडात महायुद्धाच्या ऐन धामधुमीत जन्माला आले. रॉय प्लमली यांच्या कल्पनेतून सिद्ध झालेला ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ हा कार्यक्रम बीबीसीने २९ जानेवारी १९४२ रोजी प्रथम प्रक्षेपित केला. निर्जन बेटावर एकट्याने राहण्याचा प्रसंग आला, तर कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका बरोबर न्याल, असा प्रश्न पाहुण्याला विचारावयाचा, आणि त्या मुद्रिकांच्या निमित्ताने त्याला त्याच्या आयुष्याविषयी बोलते करावयाचे, एवढीच त्याची योजना. पण ती इतकी सकस ठरली की प्लमली यांनी १९८५ साली झालेल्या आपल्या निधनापर्यंत तो कार्यक्रम चालविला आणि त्यांच्या पश्चातही तो चालूच राहिला. आठ या संख्येचे बंधन नसते, तर पाहुण्यांनी आपल्या संग्रहाची केवळ यादी वाचून दाखविली असती. मर्यादा आली म्हणजे निवड करावी लागते, आणि निवड करताना माणूस स्वतःला प्रकट करतो.

आपल्याकडे आठवड्याच्या गाण्यांचा विषय निघाला की ‘बिनाका गीतमाले’चे स्मरण होणे अपरिहार्य आहे. डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री असताना आकाशवाणीवर चित्रपटसंगीताचा संकोच झाला, श्रोते सिलोनच्या रेडिओकडे वळले, आणि ३ डिसेंबर १९५२ पासून अमीन सयानी यांच्या आर्जवी आवाजाने पुढील अनेक वर्षांच्या बुधवारच्या संध्याकाळी व्यापून टाकल्या. आरंभी सात गाणी वाजवून लोकप्रियतेनुसार त्यांचा क्रम श्रोत्यांनीच लावावा, अशी स्पर्धा असे. पुढे गाण्यांना पायऱ्या मिळाल्या आणि कोणते गाणे वर चढले, कोणते उतरले, याची चर्चा घरोघर होऊ लागली. त्या कार्यक्रमाने साऱ्या देशाला एका वेळी एकत्र ऐकावयास लावले, हे त्याचे ऋण मोठेच आहे. तथापि, पुष्कळांना काय आवडते एवढेच मोजणीतून कळते. एखाद्याला ते का आवडते, हे कळण्यासाठी त्या एखाद्यानेच बोलावे लागते. हे बोलणे ‘विविध भारती’च्या ‘विशेष जयमाला’ने साधले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेल्या या सेवेवर जवानांसाठी ‘जयमाला’ हा कार्यक्रम असे, आणि त्याच्या या विशेष आवृत्तीत चित्रपटसृष्टीतील एखादा कलावंत स्वतः निवेदक होऊन, दूर सीमेवरील श्रोत्यांना उद्देशून, आपल्या पसंतीची गाणी आठवणींसह ऐकवी.

लेखणीच्या द्वारे हेच कार्य मराठीत केशवराव भोळे यांनी त्याहूनही आधी केले होते. पुढे ‘प्रभात’च्या चित्रपटांना संगीत देणाऱ्या या मर्मज्ञाने ‘एकलव्य’ हे नाव धारण करून ‘वसुंधरा’ साप्ताहिकातून समकालीन गायकांवर लेख लिहिले, आणि त्यांतूनच ‘आजचे प्रसिद्ध गायक’ हे पुस्तक सिद्ध झाले. गायकाचा आवाज कसा लागतो, तान कोठून उठते, शब्द कोठे स्पष्ट राहतो आणि कोठे स्वरात बुडतो, हे सांगणारा असा लेख वाचून जो मैफलीस जाऊन बसे, तो अधिक सावध कानांनी ऐके. उत्तम शिफारशीचे लक्षण हेच.

आठवड्याचे अंतर का असावे, याचे उत्तर ‘गीतरामायणा’ने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. सीताकांत लाड यांच्या प्रेरणेने ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेली ही माला १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून सुरू झाली, आणि त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे ५६ गीतांची झाली. शुक्रवारी सकाळी नवे गीत यावे, शनिवारी व रविवारी तेच पुन्हा ऐकू यावे, आणि मग पुढच्या शुक्रवारपर्यंत ते मनात घोळत राहावे, असा तिचा क्रम होता. छप्पन्न गीते एकाच दिवशी ऐकवली असती, तर ती थोर ठरली असतीच. परंतु ती इतक्या कुटुंबांच्या नित्यक्रमात मुरली असती, असे वाटत नाही. गाणे ओळखीचे होण्यास जो अवकाश लागतो, तो आठवडा त्याला बहाल करतो.

आता हा उपक्रम चालवावा कसा, त्याविषयी. एका वेळी गाणे एकच द्यावे. सोबत गायक, कवी आणि संगीतकार यांची नावे, वर्ष आणि ध्वनिमुद्रण नेमके कोणते, याची नोंद करावी. मास्टर दीनानाथांनी गाजविलेले नाट्यपद वसंतराव देशपांडे यांच्या कंठातून येते, तेव्हा तो वेगळाच अनुभव असतो, म्हणून केवळ पदाचे नाव देऊन भागत नाही. त्यानंतर एखादी वस्तुस्थिती सांगावी, जिच्यामुळे ऐकणे बदलेल. ‘साधी माणसं’ या १९६५ सालच्या चित्रपटातील लोहाराच्या ऐरणीचे गीत महाराष्ट्राला पाठ आहे. परंतु ‘आनंदघन’ या नावाने त्याला संगीत देणारी व्यक्ती म्हणजे ते गाणाऱ्या लता मंगेशकर याच होत, हे प्रथमच कळणारा तरुण ते गीत गायिकेच्या कौतुकाने ऐकण्याऐवजी रचनाकाराच्या शोधाने ऐकू लागतो. शेवटी, ऐकताना लक्ष कोठे द्यावे, तेवढी एक जागा दाखवावी आणि थांबावे. सगळेच सांगून टाकले, तर ऐकणाऱ्याने शोधावयाचे काही उरत नाही.

या उपक्रमाचा सर्वांत मोठा लाभ मात्र शिफारस करणाऱ्याच्या पदरी पडतो. ‘हे मला का आवडते?’ या प्रश्नाचे उत्तर लिहावयास बसले, की वर्षानुवर्षे गुणगुणलेले गाणे प्रथमच लक्षपूर्वक ऐकावे लागते. मग असे ध्यानात येते, की काही गाणी आपल्याला त्यांच्या स्वरांमुळे आवडतात, तर काही केवळ ती ऐकली त्या घरामुळे, त्या वयामुळे, त्या माणसांमुळे. दोन्ही आवडी सच्च्या आहेत. पण पहिल्या प्रकारात आपण दुसऱ्याला गाणे देतो आणि दुसऱ्या प्रकारात आपल्या आयुष्याचा एक तुकडा देतो, म्हणून कोणते काय आहे हे प्रांजळपणे सांगणे इष्ट. हा विवेक ज्याला साधला, त्याची रुची आंधळी राहत नाही आणि हट्टीही होत नाही.

ज्याला गाणे पाठविले, त्याचेही एक कर्तव्य आहे. केवळ अंगठ्याचे चिन्ह धाडून पोच देण्यापेक्षा, फुरसतीने ऐकून, ‘मला ते रुचले नाही, पण दुसऱ्या अंतऱ्यातील सारंगी विसरता येत नाही,’ असे एक वाक्य त्याने लिहिले, तर शिफारशीचे सार्थक होते. लेकीने बापाला आजच्या मुलांचे रॅप ऐकवावे, बापाने तिला माणिक वर्मांचे भावगीत ऐकवावे, आणि दोघांनी आपापले मत निर्भयपणे मांडावे. एकमेकांच्या आवडीचा असा परिचय झालेल्या घरात मतभेद राहतील, पण ते एकमेकांचे ऐकून घेतल्यानंतरचे मतभेद असतील. यासाठी संगीताचे शास्त्र अवगत असण्याची गरज नाही, मोठ्या संग्रहाचीही नाही. आपल्याला मनापासून आवडणारे एक गाणे आणि ते ज्याला ऐकवावेसे वाटते असा एक माणूस, एवढे भांडवल ज्याच्यापाशी आहे, त्याने येत्या रविवारीच आरंभ करावा.